कोऱ्या चेकचं स्थळ

आमच्या कंपनीकडे वीस कोटी युरो होते आणि धंदा नव्हता. हे बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि फोनच्या इतक्या जवळ आले की मला नुसती एक भुवई दिसत राहिली.

"म्हणजे बुडाली?"

"नाही हो. काढलीच आहे अशी. आधी लोकांकडून पैसे घ्यायचे, शेअर बाजारात नाव लावायचं, आणि मग दोन वर्षांत एखादी चालती कंपनी शोधून तिच्यात विलीन व्हायचं."

"कुठली कंपनी?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"आणि लोकांनी पैसे दिले? न विचारता?"

"दिले. म्हणून तर हिला कोऱ्या चेकची कंपनी म्हणतात."

बाबा सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. एका म्हशीच्या कर्जाला त्यांनी आयुष्यभर दोन जामीनदार मागितले. त्यांनी भुवई मागे नेली आणि म्हणाले, "सविस्तर सांग."

हे २०२१च्या एप्रिलमधलं. ते पुण्यात एरंडवण्यात एकटे, मी इथे हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला एकटी. ऑफिस झुइडास या व्यापारी भागातल्या एका काचेच्या इमारतीत होतं, पण तिथे कोणीच जात नव्हतं. मी खिडकीजवळच्या जेवणाच्या टेबलावरून कंपनीचे हिशेब पाहायची आणि दुपारी बाबांना फोन लावायची. तोपर्यंत आमचे फोन दोन मिनिटांत संपत. जेवलीस का, हो, तुम्ही, हो, थंडी आहे का, आहे.

आई आदल्या सप्टेंबरात कोविडने गेली. ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा बाबा मला रोज सांगत होते, "अंघोळीला गेलीय," "आत्ताच डोळा लागलाय." मला कळलं ते सगळं आटोपल्यावर. विमानं बंद होती, कळून तरी मी काय करणार होते, असं सगळ्यांनी मला समजावलं. बाबांना मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. एवढी मोठी गोष्ट मध्ये ठेवली की थंडीखेरीज बोलायला फारसं उरत नाही.

आणि आता अचानक ही कंपनी होती.

"वीस कोटी बँकेत म्हणजे व्याज भरपूर येत असेल," बाबा दुसऱ्या दिवशी म्हणाले. फोन या वेळी त्यांनी लावला होता.

"उलटं आहे बाबा. इथे व्याजदर शून्याच्या खाली आहेत. पैसे ठेवल्याबद्दल आम्हीच बँकेला अर्धा टक्का देतो."

ते उठून उभे राहिले. मला पायजम्याची नाडी दिसली, मग छताचा पंखा, मग जिना. ते समोरच्या फ्लॅटचं दार वाजवत होते. "विनायक! अरे विनायक, बाहेर ये! ठेवीदार बँकेला व्याज देतोय!"

विनायककाका मास्क लावून उंबरठ्याच्या आतच थांबले. पुण्यात तेव्हा दुसरी लाट होती. "कुठे?"

"हॉलंडमध्ये."

"असेल," काका म्हणाले. "तिथे जमीनच समुद्राच्या खाली आहे. व्याजाचं काय घेऊन बसलास!"

दोघांनी जिन्यात उभ्या उभ्या हिशेब केला. वर्षाला दहा लाख युरो, म्हणजे रोज साधारण दोन स्कूटरी. त्या दिवसापासून फोनची सुरुवातच अशी व्हायची: "आजच्या दोन स्कूटरी गेल्या. काही हालचाल?"

आठवडाभरात बाबांनी कंपनीची सगळी रचना आपल्या भाषेत बसवून टाकली. "म्हणजे बघ, मुलगा घरचा श्रीमंत. शिक्षण नाही, नोकरी नाही, सवयी महाग. दोन वर्षांत लग्न झालं नाही तर वडील इस्टेट काढून घेणार."

"बरोबर. पैसे गुंतवणूकदारांना परत, कंपनी बंद."

"आणि मध्यस्थ कोण?"

"योस्ट आणि त्याचे भागीदार. प्रवर्तक. लग्न जमलं तर त्यांना पाचवा हिस्सा, जवळपास फुकट."

"पाचवा हिस्सा! आमच्याकडे मध्यस्थाला टोपी-उपरणं द्यायचे. आणि नाही जमलं तर?"

"तर वकिलांची बिलं, ऑडिटरची बिलं, माझा पगार आणि तुमच्या स्कूटरी, सगळं योस्टच्या खिशातून गेलेलं असतं."

"मग ठीक आहे. जोखीम आहे त्याला." बाबांना बरं वाटलं. मग मी शेवटचं कलम सांगितलं. स्थळ ठरलं की भागधारकांचं मतदान होतं, आणि 'हो' असं मत देऊनही प्रत्येकाला आपले पैसे परत मागता येतात.

बाबा थांबले. "म्हणजे लग्नाला यायचं, अक्षता टाकायच्या, नांदा सौख्यभरे म्हणायचं..."

"...आणि आहेर परत घेऊन जायचा."

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही इकडे टेबलावर डोकं टेकून हसत होते. खालून जाणाऱ्या सायकलवाल्या बाईने वर पाहिलं.

मे महिन्यात त्यांनी एक घोटाळा केला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: 'परदेशस्थ, अत्यंत सधन, कोणतेही दायित्व नाही, अनुरूप स्थळ हवे. त्वरित संपर्क.' मला कळायच्या आत तेरा पत्रिका आल्या. त्यातल्या चार मुलींच्या होत्या. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'कंपनी नको, पण हिशेब बघणारी मुलगी अविवाहित असल्यास कळवावे.'

"बाबा, ग्रुपवरून काढा ते!"

"काढलं. पण त्यात तीन खरे कारखाने आहेत." आणि ते कर्जप्रकरण तपासावं तसे त्यांच्या मागे लागले. विनायककाकांच्या साडूचा चाकणला सौर चुलींचा कारखाना होता. "ताळेबंद मागितला तर म्हणे सीए गावाला गेलाय. काट मारली." सांगलीचं पापड लाटायचं यंत्र दुसऱ्या फेरीपर्यंत गेलं. तिसरा कारखाना नव्हताच, क्लासेस होते. हे सगळं मी योस्टला सांगितलं. योस्ट सहा फूट चार इंचांचा, बँकेतून लवकर निवृत्त झालेला, कुठल्याही हवेत सायकलवर. तो गंभीरपणे म्हणाला, "पापडाच्या यंत्राचा नफा किती आहे?" आणि मग बराच वेळ म्यूट करून हसत राहिला.

आमची स्वतःची स्थळं याहून फार शहाणी नव्हती. उडत्या टॅक्सीवाले आले, त्यांची टॅक्सी अजून जमिनीवरच होती. एक कंपनी अगदी नेटकी होती, पण तिने किंमत अशी सांगितली की योस्ट खिडकी उघडायला गेला. प्रत्येक नकार मी नावं वगळून बाबांना सांगायची आणि फोन तासाचा व्हायचा. विनायककाका खुर्ची घेऊन येऊ लागले. मला एवढंच कळत होतं की मी दुपारची वाट पाहते. आणि हेही कळत होतं की एक दिवस स्थळ जमेल, आणि मग आम्ही पुन्हा थंडीवर येऊ.

ते नोव्हेंबरात जमलं.

आल्मेरेच्या एका कंपनीत शेतातल्या काडीकचऱ्यावर बुरशी वाढवून थर्माकोलऐवजी वापरायची खोकी करत. ट्रेनने मी आणि योस्ट तिथे गेलो. मालकीणबाईंनी एक खोकं जोरात जमिनीवर आपटलं. त्याला काही झालं नाही. "काम संपलं की बागेत पुरा," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे मागण्या होत्या, गिऱ्हाइकं होती, नवीन कारखान्याला पैसे नव्हते. योस्ट परतताना गाडीत एक खोकं मांडीवर घेऊन बसला, आणि मला कळलं की त्याचं ठरलंय.

"आजपासून कोणालाही सांगायचं नाही," स्टेशनवर तो म्हणाला. "भाव हलवणारी माहिती आहे. घरच्यांनाही नाही."

"वडिलांना?"

"वडिलांना तर नाहीच. त्यांचा ग्रुप आहे."

बातमी फुटली तर करार मोडणार होता, आणि ती माझ्याकडून फुटली तर माझी नोकरी जाणार होती. नोकरीवरच इथे राहायचा परवाना होता. मी तोंडाला कुलूप लावलं.

"आजच्या दोन स्कूटरी गेल्या," बाबा म्हणाले. "काही हालचाल?"

"विशेष नाही."

"अच्छा. उडती टॅक्सी?"

"नाही बाबा. तुम्ही जेवलात का?"

"हो. थंडी आहे का?"

"आहे."

असं आठवडाभर चाललं. इथे संध्याकाळी पाचलाच दुकानं बंद करायचा हुकूम आला होता, रस्ते ओस पडलेले. फोन ठेवला की घर फार शांत असायचं. गुरुवारी बाबांनी थंडीचं विचारलंच नाही. त्यांनी कॅमेऱ्यात नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मिळालं ना?"

मी समोरचे कागद उगाच सरळ करू लागले.

"बोलू नकोस. सात महिने रोज बडबडत होतीस, आठवड्यात गप्प झालीस. मला बँकेत एवढ्यावर कर्जदार कळायचा." त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "मी काही विचारलं नाही. तू काही सांगितलं नाहीस."

तेवढ्यात मागे दार वाजलं आणि विनायककाका खुर्ची घेऊन आत आले. "काय मग, ज्ञानदा! कुठवर आलं?"

मी म्यूटचं बटण शोधू लागले. बाबा मात्र आरामात मागे टेकले. "कुठलं येतंय, विनायक! घोडं पेंड खातंय. परवा एक बरं वाटत होतं, तर मुलीकडच्यांच्या अपेक्षा आभाळाला. तुझ्या साडूला म्हणावं, अजून चान्स आहे."

"खरंच?"

"मी कशाला खोटं सांगू?"

चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. आवाजही रोजचाच. त्यांनी पुढे होऊन काकांच्या कपात चहासुद्धा ओतला. असं ते बोलू शकतात हे मला माहीत होतं. मी फक्त ते कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. खोटं संपवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते क्षणभरच, आणि त्या क्षणात ते फार थकलेले दिसले. मग पुन्हा काकांकडे वळून पापडाच्या यंत्राबद्दल बोलू लागले.

सोमवारी सकाळी बाजार उघडायच्या आधी घोषणा झाली. योस्टने सगळ्यांना कॅमेरे चालू करायला लावून नऊ वाजता शँपेन उघडली, ती त्याच्या कीबोर्डवर सांडली, आणि पुढची दहा मिनिटं आवाज बंद पडल्यामुळे तो नुसतेच हातवारे करत होता. शेअर अकरा सेंट वर गेला. मतदान व्हायचं होतं, कोण आहेर परत मागणार ते कळायचं होतं, पण साखरपुडा झाला होता.

पुण्याला फोन लावला तर विनायककाका आधीच तिथे, कमरेवर हात ठेवून उभे. "चार दिवस माझ्या तोंडावर खोटं बोललास, जया! मी साडूला आशा लावून बसलो!"

"बोललो. तिची नोकरी होती."

"बुरशी! सौर चूल सोडून बुरशी!" काका तणतणत गेले आणि पेढे आणायला जातोय असं दारातून ओरडून गेले.

बाबा अजून हसत होते. "बुरशी म्हणे. तुझ्या आईने लोणच्याला बुरशी लागू नये म्हणून जन्म घालवला, आणि तू वीस कोटी तिच्यात घातलेस. तिला सांगितलं असतं तर..."

ते थांबले. सव्वा वर्षात त्यांनी तिचं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. उद्यापासून स्कूटरींचा विषयही नसणार होता. आता हे वाक्य निसटू दिलं असतं तर परत आलं नसतं.

"तुम्हाला छान जमतं, बाबा," मी म्हणाले.

"काय?"

"पोटात ठेवणं."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला नाही. "तिनेच सांगितलं होतं. रुग्णवाहिकेत बसताना. म्हणाली, ज्ञानदाला कळवायचं नाही, ती रात्रंदिवस विमानांच्या वेबसाईटवर बसेल. मी कबूल केलं. मग तुझा फोन आला की मी आधी बाथरूममध्ये जाऊन एकदा म्हणून बघायचो. 'अंघोळीला गेलीय.' 'अंघोळीला गेलीय.' कसं वाटतंय ते."

"मला खरंच वाटलं."

"माहितीये." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मला आत सोडत नव्हते. एका नर्सने स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. तोंडावर ऑक्सिजन, बोलायचं नाही अशी ताकीद. मी आपला गेटबाहेर रडवेला उभा. आणि ही काय करते, तर बोटाने खुणा. मला काही कळेना. नर्सलाही कळेना. शेवटी नर्सने कागद दिला, तर लिहून दाखवलं: 'मास्क उलटा घातलाय. निळी बाजू बाहेर हवी.'"

मला हसू फुटलं. ते आवरेना. बाबाही हसत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मग? केलात सरळ?"

"तिथल्या तिथे. वॉचमनसमोर. वर अंगठा दाखवला तिने."

"आणखी सांगा."

"सगळं?"

"पहिल्या दिवसापासून."

"वेळ आहे तुला? आज कंपनीत एवढं..."

"आहे."

"थांब मग. गॅसवर दूध ठेवलंय, ते बंद करून येतो." ते उठले, दोन पावलं गेले आणि परत येऊन कॅमेऱ्यात वाकले. "फोन ठेवू नकोस हं."