हाडांच्या जागेवरची बाग

आमच्या धुरपताचं लग्न झालं ते सत्तावन साल. मांडव अजून उतरायचा होता. त्या सकाळी मी आणि भैयाजीदादा घागरी घेऊन बागेत पोचलो, तर कण्हेरीचं कुंपण मोडून आत एक बैल मरून पडलेला. बंडीच्या चाकोऱ्या गावातून आल्या होत्या.

दादा माझा थोरला भाऊ, धुरपताचा बाप. पूर्वी गावात ढोर मेलं की आमच्या वस्तीनं ते ओढून ह्याच जागेवर आणायचं, सोलायचं. तीस वर्षं दादानं ते केलं. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आणि वस्तीनं ते काम सोडलं. इथली हाडं वेचली, मधोमध पिंपळ लावला, पार बांधला. घरटी रोज दोन घागरी, नाल्याच्या झिऱ्यातून. वैशाख पौर्णिमेला पहिली सभा तिथंच होणार होती.

वस्तीतला गुलाब मागून आला. "चार जन लागू, दादा. नाल्यापल्याड ओढून टाकू. पाहुन्यायले का बैलाचं दर्शन देता?"

"ओढाचं नाई. आज ओढला तं उद्या दुसरा येते."

बांधावर बैलाचे मालक रूपराव उभे होते. "तीन पिढ्या ढोरं इथंच पडले. फुलं लावल्यानं जागा बदलते का? ओढा, नाई तं सडू द्या."

दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बैलाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. नाकातून काळं, पातळ रक्त आलं होतं आणि ते गोठलं नव्हतं. पायही ताठले नव्हते.

"रूपरावजी, कवा पडला?"

"काल दिवस बुडता. दुपारी तं वखराले होता."

"फाशी हाये." दादा उठला. फाशी म्हणजे काळपुळी, ढोराकडून माणसालाही लागणारी. "गोठ्यात अजून किती हायेत?"

"पाच." रूपरावांचा आवाज उतरला.

"कुत्र्यायनं हा फाडला तं पाचही गेले. मंग गावातले."

"मंग ओढ ना बापा! दूर नेऊन गाड. चार पायल्या जवारी देतो."

"जवारी ठेवा घरी. ओढाचं नाई म्हटलं ना."

त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. मी पुढे झालो तर ओरडला, "प्रेमदास, तू झाडायले पानी टाक. इकडे येऊ नोको." बैलाला लागूनच त्यानं कुदळ मारली. उन्हं कलेपर्यंत पुरुषभर खोल गेला. मग बल्ली घालून, खांदा लावून बैल आत लोटला. पाराला लावायला आणलेला सगळा चुना त्यावर ओतला आणि माती लोटली.

"पाह्य," तो हसला, "बैल नाई ओढला. खड्डाच त्याच्यापाशी नेला."

"दादा, तुमी तं वकील व्हाले पाह्यजे होते," गुलाब म्हणाला.

दादाच्या हातावर कण्हेरीच्या खुंटाचा ओरखडा होता. त्यानं तो झिऱ्यावर धुतला.

चौथ्या दिवशी तिथं फोड आला. मग मधोमध काळा पडला. तानाबाई वहिनी हळद लावू लागली. "काटा मोडला असन. दुखते का?"

"दुखत नाई." दादानं माझ्याकडे पाहिलं आणि सदऱ्याची बाही खाली ओढली. वहिनी आत गेल्यावर म्हणाला, "दुखत नाई, तेच खराब हाये."

सूज खांद्यापर्यंत चढली, मग गळ्यापर्यंत. ताप उतरेना. तेव्हा रूपराव स्वतः बंडी घेऊन वस्तीत आले. जोडी मोडली होती, म्हणून एका बाजूला न शिकलेला गोऱ्हा जुंपला होता.

"बसा, भैयाजी," ते म्हणाले. दादाला ते पहिल्यांदाच अहो-जाहो करत होते. त्या बंडीत आमच्यातलं कोणी बसलं तेही पहिल्यांदाच.

गोऱ्हा वाटेत सारखा थांबे. दादा एकदाच बोलला, "आपल्या घागरी झाल्या का आज?"

"झाल्या," मी म्हणालो. झाल्या नव्हत्या.

रूपरावांच्या गोठ्यात दुसरं ढोर पडलं नाही. पौर्णिमेची सभा झाली. पाराला चुना नव्हता.

माझा भाऊ भैयाजी सभेच्या चार दिवस आधी, नऊ मे एकोणीसशे सत्तावन, गुरुवारी, सेवाग्रामच्या दवाखान्याच्या वाटेवर बंडीत वारला.