चौथ्या कप्प्याची वाट

मित्रांनो, मी एक जुना कडीचा डबा आहे आणि मी कोणावरही चटकन विश्वास ठेवत नाही. मला चार कप्पे. पण गेली काही वर्षे मी तीनच कप्प्यांचा आहे. ती कशी गेली, ते ऐकलेत तर माझा संशयी स्वभाव तुम्हाला पटेल.

धुळ्याच्या बाजारातून मला शोभाबाईंनी आणले. त्यांचे यजमान हिलालराव सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. तिथल्याच डिंडोलीच्या घरातून मी रोज त्यांच्या सायकलला लटकून निघे. कारखान्यात रंगाचा उग्र वास, पण दुपारी माझे झाकण उघडले की वांग्याच्या भरताचा वास त्यालाही मागे सारी. शेजारचे कामगार म्हणत, "हिलालभाऊ, तुमचा डबा म्हणजे गावच आलं इथं!" मी फुशारून जाई.

पुढे हिलालराव गेले. घरात अन्न गरम ठेवणारे प्लास्टिकचे डबे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. वर बसून खालचे बोलणे अर्धेच ऐकू येते. अर्धे ऐकले की उरलेले मन स्वतःच रचते, आणि मन कधी चांगले रचत नाही. भंगारवाल्याची हाक आली की माझी कडी थरथरायची.

त्यातच माझा चौथा कप्पा गेला. शोभाबाईंची धाकटी बहीण लीलाबाई पांडेसऱ्याला राहते. ती आजारी पडली, तेव्हा शोभाबाईंनी तळच्या कप्प्यात डिंकाचे लाडू भरून पाठवले. त्यांचे गुडघे सुजलेले होते, म्हणून मुलगा भूपेंद्र दारातच देऊन आला. कप्पा काही परत आला नाही. निरोप गेले, तर उत्तर एकच, "आणते ना." शेवटी एका लग्नात, भर पंगतीत, शोभाबाई अहिराणीत बहिणीला म्हणाल्या, "मना डबा पची गया का वं तुले?"

डबा पचवल्याचा टोमणा ऐकताच लीलाबाई हात पदराखाली घेऊन उठली आणि न जेवता निघून गेली. जाताना एवढेच म्हणाली, "तुझ्या घराची पायरी आता मी चढणार नाही." शोभाबाईंनीही तसेच सुनावले. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणी बोलत नव्हत्या. शोभाबाई सणाला नैवेद्य दाखवताना दाराकडे बघत आणि पुन्हा तोंड फिरवून घेत. मला दोघींचा राग यायचा, पण लीलाबाईंचा जास्त. चोर कुठली, असे मी मनात म्हणे.

मग एका रविवारी डुमसच्या समुद्रावर जायचे ठरले आणि सुनबाईंनी, म्हणजे नूतनने, मला माळ्यावरून उतरवले. चिंच लावून घासले. मला वाटले, संपले! भंगारवाल्यापुढे नेण्याआधी पुसतात ना, तसे हे. पण माझ्यात चक्क खापरावरचे मांडे भरले. मी आणखीच सावध झालो. हे घर डुमसला समुद्रावर फिरायला जाते तेव्हा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा नेते. पुरणाचे मांडे पाहुण्यांसाठी होतात. मग पाहुणे कोण?

नात वर्षा कॉलेजात शिकते. तिलाही संशय आला. "मम्मी, साचू बोल, खरं सांग. मला कोणाला दाखवायला नेताय ना? मला अजून शिकायचंय हं!"

"अगं, डुमसला लोक उंट बघायला जातात, मुलगी बघायला नाही," नूतन हसून म्हणाली.

शोभाबाई रिक्षात मला मांडीवर घेऊन पुटपुटल्या, "सकाळपासून माझ्या मांड्यांचं कौतुक चाललंय. सुनेला काहीतरी हवंय." रिक्षा चालवणारा भूपेंद्र नुसता हॉर्न वाजवत राहिला. मला तर तो हॉर्नही आवडला नाही.

डुमसला भरती ओसरली होती. काळ्या वाळूवर सतरंजी पडली. वर्षा उंटावर बसून आली, भूपेंद्रने टोमॅटोची भजी आणली. शोभाबाईंनी पाणीसुद्धा पायाला लावले नाही. मला घट्ट धरून बसल्या होत्या. तेवढ्यात नूतन उठली आणि एका बाईंना हाताला धरून घेऊन आली. लीलाबाई! डाव्या हातात कापडी पिशवी, उजवा पदराखाली.

शोभाबाई ताडकन म्हणाल्या, "नूतन, मला फसवून आणलंस?"

"आई, तुम्ही दोघी एकमेकींच्या घरी जायच्या नाहीत. समुद्र काही कोणाच्या घरचा नाही," नूतन म्हणाली. तिला लीलाबाई बाजारात भेटल्या होत्या, तेव्हाच तिने त्यांना डुमसला बोलावले होते.

पिशवीतून माझा चौथा कप्पा निघाला. शोभाबाईंनी तो ओढून घेतला आणि आधी वरची ताटली काढली. आत लाडू नव्हते. तुपाचा, डिंकाचा मोकळा भुगा होता.

"हे काय आनेल शे?"

"लाडूच, आक्का. डबा रिकामा कसा देऊ? पण लाडू बांधाले हात वळस नही मना." लीलाबाईंनी पदर बाजूला केला. बोटे अर्धवट वाकलेली होती. आजारपणातच तो हात लुळा पडला होता. दर वेळी त्या लाडू करायला बसत आणि दर वेळी ते फुटत. दुकानातली मिठाई भरून द्यायला मन घेईना.

"आनि माले सांगं नही?"

"तू डबाच मांगी ऱ्हायनी व्हती, आक्का."

शोभाबाई रडल्या, अगदी उघड्यावर, लोक बघत असताना. मग त्यांनी भुगा लीलाबाईंच्या तळव्यावर ठेवला, ती वाकलेली बोटे आपल्या मुठीत घेतली आणि दाबली. लाडू झाला. मग दुसरा झाला. वर्षाने पहिला उचलला आणि खाताखाता म्हणाली, "म्हणजे मला दाखवायचं नव्हतं तर!" सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. ज्या बाईला मी चोर म्हटले, ती माझ्या कप्प्याची लाज राखत बसली होती.

निघताना मी चौथा कप्पा जागेवर येण्याची वाट बघत होतो. तर शोभाबाईंनी त्यात मांडे भरले आणि बहिणीच्या पिशवीत ठेवला. रिकामी पिशवी कशी पाठवायची? तो पुन्हा गेला, मित्रांनो! मी पुन्हा तीन कप्प्यांचा.

आता मला माळ्यावर ठेवत नाहीत, ओट्यावरच असतो. तुमच्या घरची एखादी वस्तू परत आली नाही, तर ती मागण्याआधी तिथल्या माणसाला एकदा भेटून या. दारातून नको, आत जाऊन बसा. आमच्या शोभाबाई आता दर रविवारी पांडेसऱ्याला जातात. येताना कप्पा आणायला विसरतात, आणि मीही आठवण करून देत नाही.