बादलीच्या बुडाचे काज

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहून लोक पहिल्यांदा तेच म्हणतात, "अरेरे, फुटकी दिसते!" फुटकी मी होते खरी. पण आज माझ्या बुडाला जे भोक आहे, ते फुटल्याचे नाही, केलेले आहे. या दोन्हींत किती अंतर असते, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म पत्रे ठोकणाऱ्यांच्या एका लांबट खोलीत झाला. तिथे दिवसभर इतकी ठोकाठोक चाले, की माणसे एकमेकांशी खुणांनीच बोलत. सपाट पत्रा गोल वळवून त्याच्या कडा एकमेकींत दुमडल्या, खाली बूड बसवले, बुडाभोवती लोखंडी कडे ठोकले आणि वितळलेल्या जस्तात मला बुचकळून काढले. अंगभर पांढुरकी नक्षी उमटली. कारागिराने मला उलटी करून बुडावर टिचकी मारली, कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "वाजते छान. टिकेल."

मला विकत घेतले ते एका नव्या नवरीने. पुढे अख्खी इमारत तिला टेलरकाकू म्हणू लागली. दोन खोल्या, एक गॅलरी आणि खिडकीशी शिलाई मशीन, एवढा तिचा संसार. कोरे कापड बेतण्याआधी ती माझ्यात भिजत घाली. "आटायचं ते आधीच आटू दे. शिवल्यावर आटलं तर गिऱ्हाईक माझ्या नावाने शंख करील," असे म्हणे. इमारतीचा पंप बंद पडला की मी चार जिने चढून पाणी आणी. तिचा मुलगा लहानपणी माझ्यात बसून अंघोळ करायचा आणि बाहेर निघायचे नाव घेत नसे. शेजारणी म्हणत, "काकू, बादली असावी तर अशी." मी आतल्या आत फुलून जाई. बादलीला दुसरे काय हवे असते?

मग प्लास्टिकच्या बादल्या आल्या. लाल, निळ्या, हिरव्या, वजनाला हलक्या आणि पडल्या तरी आवाज न करणाऱ्या. माझी कडी वाजे, मी जड होते आणि माझे बूड गंजू लागले होते. एके दिवशी त्याला भोक पडले.

आता काकूंचा एक स्वभाव सांगायला हवा. भोक दिसले की त्यांना चैन पडत नसे. कुणाच्या कोपराला, गुडघ्याला, खिशाला भोक दिसो, काकू म्हणत, "काढ तो शर्ट, इथेच काढ." त्यांनी माझ्या बुडाला डांबर लावून पाहिले, सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून पाहिला. मी पुन्हा गळले. शेवटी माझी रवानगी गॅलरीच्या कोपऱ्यात झाली. तिथे मोडक्या छत्र्या होत्या आणि पाती नसलेला एक पंखा होता. त्या कोपऱ्यात किती वर्षे गेली, ते मी मोजले नाही. मोजून काय करायचे होते?

त्या वर्षांत घरही बदलले. काकूंचे यजमान गेले. काकूंच्या नजरेला बारीक टाका दिसेनासा झाला आणि गिऱ्हाइके कमी झाली. मुलगा कामासाठी परगावी राहू लागला, घरात काकू आणि सून अशा दोघीच उरल्या. काकू खिडकीशी बसत आणि समोरची भिंत बघत. सून शहरात बस चालवते. जिभेने तिखट, पण मनाने गोड. एके दिवशी ती कागदात गुंडाळलेले टोमॅटोचे रोप घेऊन आली.

"आई, डेपोतल्या मेकॅनिकने दिलंय. लावा कुठेतरी. माझ्या हातात राहिलं तर ते संध्याकाळपर्यंत जगायचं नाही."

"कशात लावू? माझ्या डोक्यावर?"

"डोक्यावर नको. तिथे आधीच खूप काही उगवलेलं असतं."

काकू बऱ्याच दिवसांनी हसल्या. त्यांनी गॅलरीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "चला, फुटकी तर फुटकी," त्या म्हणाल्या. माझ्यात माती पडली. मित्रांनो, पाणी माझ्यात येई आणि जाई, पण माती आली ती राहायलाच. रोपाची मुळे माझ्या पत्र्याला आतून चाचपू लागली, तेव्हा मला वाटले, अजून कुणीतरी माझ्या भरवशावर आहे.

मग गॅलरीत एकेक बिऱ्हाड वाढत गेले. तेलाच्या डब्यांत मिरच्या आल्या, तडकलेल्या बेसिनमध्ये पालक आला. काकूंनी मुलाच्या जुन्या जीन्सचे पाय कापले, खालून शिवले आणि त्यांत माती भरून बटाटे लावले. समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी ओरडले, "काकू, कुणाला उलटं पुरलंय?" भाज्यांची साले एका झाकणाच्या डब्यात कुजवायची, तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालायचे, ऊन सरकेल तसे आम्हांला सरकवायचे. इतक्या उंचावर मधमाशी फारशी फिरकत नसे, म्हणून काकू टोमॅटोच्या फुलांच्या देठाला हलकेच टिचकी मारत. "मधमाशीचं काम करतेय. पगार नाही आणि मध पण नाही," असे सुनेला सांगत. मोडक्या छत्रीच्या काड्याही आता झाडांना आधार देत होत्या. अडगळीतले आम्ही सगळे पुन्हा कामाला लागलो होतो.

आणि नेमके तेव्हाच घड्याळवाले आप्पा वर आले.

आप्पा खालच्या मजल्यावर राहत आणि घरीच घड्याळे दुरुस्त करत. त्यांच्या टेबलाच्या बरोबर वर, छताला ओल आली होती. "काकू, तुमची शेती माझ्या डोक्यावर गळतेय," ते म्हणाले. "काल एका घड्याळाच्या उघड्या पोटात थेंब पडला. मी गिऱ्हाइकाला काय सांगू, वेळ भिजली म्हणून?"

"माझ्या डब्यांचं पाणी तुमच्यापर्यंत पोचेल एवढं मी घालतच नाही, आप्पा."

"मग काय छत आपोआप रडतंय?"

आप्पांचेही खोटे नव्हते. एक थेंब त्यांचे महिन्याचे काम बिघडवू शकत होता. ते इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले. रविवारी बैठक ठरली. काकूंच्या गॅलरीतले सगळे डबे काढायचे की नाही, हे तिथे ठरणार होते. सून म्हणाली, "आई, नसेल तर नसेल. बाजारात भाजी मिळते." काकूंनी तिच्याकडे असे पाहिले, की ती तडक चहा ठेवायला गेली.

"रविवारपर्यंत या गॅलरीत एक थेंब पडू देणार नाही," काकू म्हणाल्या. "मग बघू छत कुणामुळे रडतंय ते."

आणि त्यांनी आयुष्यभर केले तेच केले. भोके बुजवली. डब्यांची बुडे डांबराने बंद केली. माझ्यातले टोमॅटोचे झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद काढून गोणपाटात ठेवले आणि मला पत्रेवाल्याकडे नेले. त्याने कथील वितळवून माझ्या बुडाला झाळ लावली, पाणी भरून पाहिले. एक थेंब गळला नाही! मित्रांनो, ज्या दुरुस्तीची मी कोपऱ्यात बसून इतकी वर्षे वाट पाहिली होती, ती अशी झाली. मी पुन्हा धडधाकट बादली झाले. घरी येताना माझी कडी जरा जास्तच वाजली असेल.

झाड पुन्हा माझ्यात बसले. काकू सवयीने पाणी घालत राहिल्या आणि मी ते सगळे धरून ठेवले. पाणी धरणे हेच तर माझे काम! पण खाली जायला वाट नव्हती. तळाशी चिखल झाला, चिखलाला आंबूस वास येऊ लागला. मुळे श्वासासाठी तडफडत होती आणि मला ते आतून कळत होते. मी त्यांना घट्ट धरले होते आणि त्या धरण्यानेच ती मरत होती. खालची पाने पिवळी पडली. फुले गळाली. खाली आप्पांचे छत मात्र तसेच टपकत होते.

काकू पेचात पडल्या. भोक उघडावे, तर पाणी फरशीवर येणार आणि आप्पा म्हणणार, "बघा, हेच ते!" बंद ठेवावे, तर रविवारपर्यंत झाड हातचे जाणार आणि त्याच्या मागोमाग मिरच्या, पालक, सगळेच. "थोडं सोस गं," असे त्या झाडाला म्हणत. पण त्यांचा आवाज पडलेला असे.

शनिवारी त्या माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसल्या. मांडीवर सुनेचा गणवेशाचा नवा शर्ट होता. नजर अधू झाली असली, तरी काजे दुसऱ्या कुणी केलेली त्यांना खपत नसत. त्यांनी कापडाला कात्रीने छोटी चीर दिली आणि तिच्या कडेने दोरा विणू लागल्या. एक काज झाले. दुसऱ्याला चीर दिली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी शर्ट वर धरला. त्या भोकातून त्यांचा डोळा मला दिसला.

पुढच्याच क्षणी त्या उठल्या. सून दारात आडवी आली. "आई, हातोडा घेऊन कुठे? आप्पांकडे तर नाही ना?"

"काज करायला."

"हातोड्याने?"

"अगं, जन्मभर काजं केली आणि मला कळू नये? प्रत्येक भोक बुजवायचं नसतं. काज बुजवलं, तर बटण काय कपाळाला लावशील? ते उघडंच ठेवायचं असतं. फक्त त्याला कड घालावी लागते, नाहीतर उसवत जातं. धर हे झाड."

माझ्या बुडावर खिळा टेकला. खरे सांगते, मला भीती वाटली. नुकतीच तर मी बरी झाले होते! हातोड्याचा घाव बसला आणि माझ्यातून काळपट पाणी भळाभळा वाहिले. काकूंनी आतून भोकावर खापराचा तुकडा ठेवला, म्हणजे पाणी जाईल पण माती राहील. खाली दोन विटा आणि विटांच्या मध्ये खोलगट ताट ठेवले, म्हणजे निथळलेला थेंब ताटातच पडेल आणि पुन्हा झाडाला घालता येईल. झाली माझ्या भोकाला कड. दिवेलागणीपर्यंत दोघींनी मिळून साऱ्या डब्यांना अशीच काजे केली.

रविवारी बैठक गॅलरीतच भरली. सेक्रेटरींनी फरशीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत. काकूंनी सगळ्यांसमोर आम्हांला पाणी घातले. थेंब ताटांत पडले, फरशीवर एकही नाही. मग सगळे खाली आप्पांकडे गेले. तिथे छत टपकतच होते.

"मग पाणी येतंय कुठून?" सेक्रेटरी म्हणाले.

सगळे आपापली मते देऊ लागले, तेव्हा आप्पा ओरडले, "गप्प बसा जरा!" त्यांनी भिंतीला कान लावला. घड्याळाची टिकटिक ऐकण्यात आयुष्य गेलेला कान तो. ते भिंतीच्या कडेकडेने सरकत गेले, जिना चढले आणि काकूंच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी थांबले. "इथे आत टिकटिकतंय," ते म्हणाले. "आणि घड्याळ नाही ते."

प्लंबरने भिंत फोडली. सगळ्या मजल्यांचे सांडपाणी नेणारा जुना पाइप सांध्याशी सडलेला होता. आप्पा काकूंकडे न बघता म्हणाले, "तुमच्या शेतीला नाहक बोल लावला."

"तुमच्या कानानेच तो परत घेतला," काकू म्हणाल्या. "टोमॅटो आले की या. मीठ घेऊन या, आमच्याकडचं संपलंय."

झाडाने खालची पाने टाकली, पण शेंड्याला नवे फुटवे धरले. टोमॅटो आले, थोडे उशिरा, आकाराने लहान, पण आले. आप्पा खरोखर मीठ घेऊन आले होते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी कोपऱ्यात असेल. फुटका डबा असेल, तडकलेले बेसिन असेल. फेकण्याआधी एकदा त्यात मूठभर माती घालून पाहा. आणि कुणाची काळजी घ्यायला निघालात, मग ते झाड असो की माणूस, तर त्याला घट्ट धरून ठेवण्याआधी बघा, त्याला श्वास घ्यायला वाट ठेवली आहे ना. आम्हां बादल्यांना हे उशिरा कळते. तुम्ही अजून लहान आहात.

आता मी चार जिने चढत नाही. विटांवर बसते. काकू पाणी घालतात, ते माझ्यातून हळूहळू उतरते आणि माझ्या काजातून खालच्या ताटात पडते, टप्प. आप्पा वर आले की तो आवाज कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "वाजते छान."

टिकेन मी अजून.