पल्याडगावातला अण्णासो

धम्मपालनं तो खेळ स्वतः रचला होता. असले खेळ परदेशात पोरं खेळतात, हे त्यानं राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत वाचलं होतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं मनानं कुणीतरी माणूस व्हायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं, अडलं की फासा टाकायचा. धम्मपालच्या खेळातली माणसं मेलेली होती आणि पल्याडगाव नावाच्या गावात राहत होती. दोनशेपानी वहीत त्यानं नियम लिहिले होते. पहिलाच नियम देहाचा: पल्याडगावात माणूस जसा मेला तसा दिसत नाही. मागं राहिलेल्यांना जेवढा आठवतो, तेवढाच दिसतो. चेहरा कुणालाच आठवत नसेल, तर चेहरा नाही.

२००५च्या उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी धम्मपाल, ऋषभ आणि मनाली हे कॉलेजातले तिघं ऋषभच्या माडीवर जमायचे. ऋषभ एक मेलेला बँडवाला झाला होता. मनालीनं एका रविवारी नवा माणूस घ्यायचा ठरवला. फासा टाकून तिनं डोळे मिटले.

"कसा दिसतोय?" धम्मपालनं विचारलं.

"हात दिसत्यात. मोठे, काळे. डाव्या हाताला करंगळी न्हाय. कुणाला तरी वर उचलतोय." ती पुढं म्हणाली, "वर मान हाय, पर तोंड न्हाय. नुसतं धुरागत कायतरी."

ऋषभ हसला. धम्मपालला हसू आलं नाही. त्याचे वडील अण्णासो शिरोलीतल्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होते. ते गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. घरात त्यांचा फोटो नव्हता. त्याला आठवत होते ते फक्त दोन हात, त्याला खांद्यावर घेणारे, एकाला करंगळी नसलेले. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी आई, सरुबाई, तांदूळ निवडत बसली होती.

"आई, बाबा दिसायला कसं हुतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "हनुवटीला खळी हुती. फुडचा एक दात अर्धा तुटल्याला. म्हणून हसताना तोंडावर हात धरायचं."

पुढच्या रविवारी त्यानं वही उघडायच्या आतच मनाली म्हणाली, "माझ्या माणसाला तोंड आलंय. खळी हाय. हसतोय, पर तोंडावर हात धरून."

तिथंच थांबायला हवं होतं. पण धम्मपालला हाव सुटली. बाप अख्खा बघायला मिळेल, असं त्याला वाटलं. एसटीनं तो पेठ वडगावला गेला. तिथं गणपतराव राहत होते, अण्णासोंच्या पाळीतले जुने सोबती. त्यांनी चाल सांगितली, आवाज सांगितला आणि न विचारता शेवटचा दिवसही सांगितला.

"तापल्या लोखंडाच्या रसाची बादली कलंडली. उजवं अंग सगळं गेलं बघ. तुझ्या आईला आम्ही दावलंच न्हाय. चादरीतनं नुसतं पाय दावलं."

त्या रविवारी फासा टाकायचाच नाही, असं ठरवून तो माडीवर गेला. मनाली बसली नव्हती. खिडकीशी उभी राहून आपला उजवा दंड चोळत होती.

"मला ह्यो माणूस नको. सकाळी दात घासताना बी दिसला."

"कसा?"

"तुला म्हाईत हाय," ती म्हणाली. "उजवीकडनं बघवत न्हाय."

आपल्याला जे कळतं ते बाबा अंगावर घेतात, हे धम्मपालला उमगलं. कळलेलं परत न कळल्यासारखं करायचं कसं? अण्णासो धडधाकट आठवत होते ते एकट्या सरुबाईला. बाबा खेळात दिसतात, एवढंच त्यानं घरी तिला सांगितलं आणि माडीवर यायला विनवलं.

"आपल्यात आत्माबित्मा मानत न्हाईत," ती म्हणाली. "माणूस गेला की गेला."

"खेळ हाय नुसता. चल तर."

ती आली, पदर सावरून सतरंजीवर बसली. धम्मपालनं विचारलं, "शेवटचं घरातनं निघालं तवा कसं हुतं?"

"पांढरा सदरा. केस वलं, चापून भांग पाडल्याला. दारात वळून म्हणालं, पोराला अंघोळ घाल."

मनालीचे डोळे मिटलेले होते. दंडावरचा तिचा हात हळूहळू थांबला. "व्हय. सदरा हाय. भांग बी हाय. उठला." मग तिनं डोळे उघडले. "गेला," ती म्हणाली.

पुन्हा कितीही फासे टाकले तरी तिला तो माणूस दिसला नाही.

रस्त्यात ऊन रणरणत होतं. निम्म्या वाटेवर सरुबाई थांबली.

"मला बी दिसलं. सदरा घातला खरा. पर उजव्या अंगाला चिकटत हुता रं त्यांच्या. असं का?"

तिच्यासमोर उजव्या अंगाचा शब्द कुणीच काढला नव्हता. धम्मपाल तिला रस्त्याकडेला घेऊन गेला. एका बंद दुकानाच्या सावलीत उभं राहून त्यानं गणपतरावांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. ती रडली नाही.

"पंधरा वरसं माझ्या डोळ्यांम्होरं नुसतं पायच हुतं," ती म्हणाली. "असलं अंग घिऊन उभं कसं ऱ्हात असतील?"

घरी येऊन तिनं भात टाकला, त्याला वाढलं आणि समोर बसली. "त्यांच्या अंगावर काय हाय ते मला बी समदं ठावं पायजे," म्हणत तिनं तीच हकीकत त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली, सावकाश, काहीएक न गाळता.