चिकटलेल्या काचा

कवळीकाकांना छंद लागायला वेळ लागत नसे आणि सुटायलाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, काकांचे फार तर आठ. नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या दातांच्या कवळ्या घासून गुळगुळीत करण्यात गेली, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलेलं. पण कामावरून घरी आलं की या माणसाला मासे पाळायचे असत, गिटार वाजवायची असे, कुंडीत बुटकी झाडं वाढवायची असत. हौसेला मोल नाही म्हणतात. काकूंच्या मते हौसेला घरात जागाही नव्हती. मासे मेले, झाडं वाळली, गिटार दोन गाण्यांच्या पुढे सरकली नाही. सामान मात्र खालच्या खोलीत गेलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

आता काकूंचे गुडघे जिना चढू देईनात. तेव्हा खालची खोली रिकामी करून पलंग तिथं आणायचा, असं ठरलं. नवरा एकेका वस्तूसाठी हटून बसेल, अशी काकूंची खात्री होती. कसलं काय! माशांची पेटी शेजारी गेली, कुंड्या समोरच्या आजींनी नेल्या, गिटार वायरमननं उचलली. काका प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला गेले. वायरमनला तर "तिसरी तार जरा हळव्या स्वभावाची आहे, सांभाळून घे," असंही सांगून झालं.

घोडं अडलं ते एका लाकडी खोक्यापाशी.

त्या खोक्यात जेवणाच्या ताटाएवढ्या दोन जाड काचा होत्या, एकीवर एक. काकूंचे थोरले भाऊ आणि काका मिळून एके काळी दुर्बीण करायला निघाले होते. दुर्बिणीचा आरसा घरी हातानं घासता येतो, हे मेहुण्यांनी कुठंतरी ऐकलं आणि घासण्यात हात बसलेला माणूस घरचाच होता. गच्चीवर एक पिंप ठेवलं. त्यावर एक काच पक्की बसवली, वर पाणी आणि घासायची पूड, त्यावर दुसरी काच. वरची काच मागेपुढे सरकवायची, जराशी फिरवायची आणि पिंपाभोवती एक पाऊल पुढे व्हायचं. असं घासता घासता वरची काच पोटात खोल जाते आणि खालची तेवढीच फुगते. काका घासत. पाणी, पूड आणि बडबड ही खाती मेहुण्यांकडे.

"जावईबापू, हळू. कवळी नाहीये ही."

"मेहुणेबुवा, तुमच्यापेक्षा हे पिंप बरं. निदान तोंड मिटून उभं राहतं."

हा एकच छंद काकांना टिकला. दोन हिवाळे टिकला. पूड बारीक होत गेली, काचा एकमेकींत बसत गेल्या. मग एका संध्याकाळी खालून चहाची हाक आली आणि दोघंही काचा तशाच एकीवर एक टाकून खाली उतरले. बारीक पुडीच्या वेळी असं करायचं नसतं. मधलं पाणी सुकलं की काचा एकमेकींना धरून बसतात. तशा त्या बसल्या. "उद्या सोडवू की," मेहुणे म्हणाले आणि आपल्या घरी गेले. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आत माणूस गेला.

काकूंनी जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना बोलावून ठेवलं होतं. बाईंना मुलांकडून दुर्बीण करून घ्यायची होती. त्यांनी काचा उचलून खिडकीच्या उजेडात धरल्या.

"काका, किती सुरेख घासलंय हो! पण या चिकटल्यात. सोडवल्याशिवाय काही करता यायचं नाही."

"सुटणार नाहीत त्या," काका म्हणाले.

हे साफ खोटं होतं. कोमट पाण्यात भिजत घालायच्या, एकानं खालची घट्ट धरायची, दुसऱ्यानं वरचीच्या कडेला लाकडाचा ठोकळा लावून हलकेच ठोकायचं. काकांना हे तेव्हाही ठाऊक होतं. पण काचा चिकटलेल्या होत्या तोवर काम अर्ध्यावर होतं आणि मेहुणे नुसते चहाला खाली गेलेले होते. सुटल्या की सगळंच संपलं.

"सुटणार नाहीत, की सोडवायच्या नाहीत?" काकूंनी विचारलं.

"अगं, एकट्याचं काम नाही ते. दोन माणसं लागतात."

"मग मी कोण आहे?" काकूंचा आवाज चढला. बाई परक्या आहेत याचंही भान त्यांना राहिलं नाही. "तुम्हाला त्रास नको म्हणून मी गप्प. मला त्रास नको म्हणून तुम्ही गप्प. दादाचं नाव काढायची चोरी झाली या घरात! माझा भाऊ होता हो तो. मला बोलायचं असतं त्याच्याबद्दल."

काका उठले आणि त्यांनी पाणी तापवायला ठेवलं.

काचा टबात बराच वेळ भिजल्या. बाईंचा चहा झाला, मुलांच्या खोड्या सांगून झाल्या. काकूंनी टबात दोन्ही हात घालून खालची काच धरली. काकांनी ठोकळा लावला आणि लाकडी हातोडीनं ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. काकूंनी पकड आवळली. तिसऱ्या ठोक्याला वरची काच बोटभर सरकली आणि अलगद निघून आली.

आत राखाडी चिखल होता. काकांनी पुसायला फडकं घेतलं, पण काकूंनी हात धरला. त्या चिखलावरून त्यांनी एक बोट फिरवलं.

"दादानं घातलेलं का हे?"

"हो. पूड जरा जास्तच पडायची त्यांच्या हातून," काका म्हणाले.

काकूंनी काच उचलली, नळाखाली धरली आणि स्वतःच्या हातानं धुतली. मग दुसरी धुतली. कोरड्या करून, मध्ये जाड कापड घालून दोन्ही बाईंच्या हातात दिल्या आणि "दुर्बीण झाली की मुलांना घेऊन आम्हाला दाखवायला या हं," म्हणाल्या.

बाई गेल्या. रिकाम्या खोलीत बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून दोघं भिंतीला टेकून खालीच बसले. उठताना काकूंच्या गुडघ्यांचं काय होणार, हा विचार कुणी केला नाही.

"वर गच्चीत तुम्ही दोघं तासन् तास बोलत काय असायचात हो?" काकूंनी विचारलं. "मला कधी कुणी सांगितलंच नाही."

"तुझ्याबद्दलच बरंचसं," काका म्हणाले. "लहानपणी तू त्यांची नवी चप्पल विहिरीत टाकलीस आणि चार दिवस चोराला शिव्या घालत फिरलीस, ते."

"हे त्याला माहीत होतं?" काकू हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. "आणखी काय म्हणायचा? सांगा ना."