दातापुढची तार

काल धक्क्यावर सगळ्यांदेखत माझ्या दिरांनी माझ्या सुनेला सुनावलं, "आता आणखी एक नकली मासा गेला ना, की उद्यापासून बोटीवर यायचं नाही." बोट त्यांची असेल, सून माझी आहे. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी कोणाला न विचारता बोटीत जाऊन बसले.

"वहिनी, तुम्ही इथे कशाला?"

"मासे दात घासून येतात का बघायला, भावजी."

दातांचाच तर सगळा घोळ. या माशांचे दात म्हणजे पात्याच्या ओळी. नायलॉनची दोरी एका चाव्यात खलास, आणि टोकाला आमिष म्हणून बांधलेला, गळ लावलेला नकली मासा तोंडात घेऊन पठ्ठ्या पसार. म्हणून दोरी आणि नकली मासा यांच्यामध्ये हातभर तार लावायची. तार मीच करते, चांगली जाड, पकडीनं पीळ घालून. सुनेनं मात्र आज आपली वेगळीच आणली होती, बारीक धाग्यांची, लुळी.

"आई, तुमच्या तारेनं नकली मासा नाचत नाही हो. मेल्यासारखा सरळ जातो."

"तो नाचायला चाललाय की मासे धरायला? माझी लाव."

लावली. तोंड चालवते, पण ऐकते.

उन्हं चढली तरी काही नाही. मासे मागून यायचे, बघायचे, वळून जायचे. मला एका जागी बसवेना. उठून पुढे गेले, परत मागे आले. डबा उघडला, झाकला. सून गळाची काठी धरून उभी होती आणि तिची मान अवघडली की दुखायची मला. दिरांचं लक्ष पाण्यापेक्षा तिच्यावरच जास्त.

शेवटी ते उठलेच. "या तारेला भितात मासे. आण इकडे!" काठी हिसकावली, तार कापून फेकली, नकली मासा सरळ दोरीलाच बांधला.

"काका, चावून नेतील."

"तू शिकवणार आता मला?"

दोन-तीनदा फेकला असेल. असा दणका बसला की काठी कमान झाली. "आला! बघा, आला!" दीर ओरडले, आणि काठी सरळ. दोरीचं टोक वाऱ्यावर लोंबत होतं, कात्रीनं कापल्यासारखं.

मी म्हटलं, "मग भावजी, धक्क्यापर्यंत थांबता की इथेच उतरता?"

"वहिनी, बोट माझी आहे."

"आणि कालचं बोलणं कोणाचं होतं?"

सुनेनं तोंड पाण्याकडे फिरवलं. खांदे हलत होते तिचे.

मग तिनं दुसरा नकली मासा काढला आणि आपली बारीक तार लावली. मला विचारलंसुद्धा नाही. पाण्यात पडल्याबरोबर तो असा वळवळला की मलाच धरावासा वाटला. मासा लागला. धडपड, ओढाताण, शिव्या. जाळी कोणी पुढे केली? दिरांनी.

मासा फळीवर आपटत होता. तारेवर दातांचे ओरखडे, एक धागा तुटलेला, बाकी शाबूत.

"उद्या लवकर ये," दीर तिला म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मी तार हातात घेऊन वाकवून बघितली. "हिचा पीळ कुठून सुरू करतात गं?"

सून खुदकन हसली.

"दात काय दाखवतेस? सांगायचं तर सांग."