हळदीच्या घरात काळा झगा

मित्रांनो, पिंप्राळ्यातल्या लीलाधरभाऊंच्या बैठकीत, पंख्याच्या बटणांशेजारी यंदापर्यंत टांगलेली जुनी तसबीर म्हणजे मी. माझ्या काचेमागे चारेकशे वर्षांपूर्वीची एक स्पॅनिश बाई उभी आहे. काळा झगा, गळ्याभोवती ताठ पांढरी झालर, एका हातात गुलाबी फूल, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर. पायाशी इवलंसं कुत्रं.

मी मूळ चित्र नव्हे, त्याची छापील प्रत. धुळ्यातल्या एका चित्रकलेच्या वर्गात मी पुष्कळ वर्षं होते. मुलं माझ्यावरून झालरीच्या चुण्या काढायला शिकली. वर्ग बंद झाला तेव्हा तिथे शिकणारी लीलाधरभाऊंची मुलगी मोहिनी मला मांडीवर धरून एसटीने घरी घेऊन आली. भाऊंनी मला भिंतीवरच्या ओलीवर टांगलं. डाग झाकला, ते खूश. माझ्याकडे मात्र कुणी बघेना.

यंदा मोहिनीचं लग्न ठरलं. मला सासरी न्यायचं तिने पक्कं केलं होतं. पण हळदीच्या आदल्या दिवशी पिंपळनेरहून तिची आत्या कमलबाई आली आणि दारातच थबकली.

“लगीनना घरमा काया कपडानी बाई? काढा तिले! भंगारमा द्या! आनि तिनी मानले काय व्हयनं? पट्टा बांधेल शे!” तिने माझ्या झालरीकडे बोट केलं.

“अक्का, पन मंग ओल दिसी ना!” भाऊ पुटपुटले. तरी स्टूल घेऊन आलेच. मी खिळ्यावरून निघाले.

मोहिनीने मला दोन्ही हातांनी धरलं. “आबा, थांबा. आत्या, काळं घातलं तरी ही विधवा नाही गं. तिकडे पक्का काळा रंग फार महाग. दरबारातल्या बायका मिरवायला काळं घालत. खुर्चीवर हात, म्हणजे मानाची बाई. कुत्रं म्हणजे एकनिष्ठपणा. आणि असं फूल हातात असलं, की लग्न ठरलेलं समजत.”

कमलबाईने चष्मा वर सरकवला. “म्हंजे हाई बी नवरी शे?”

“असावी.”

“मंग आधी सांगानं ना, येडी!” मी पुन्हा खिळ्यावर चढले.

दुसऱ्या दिवशी मोहिनीला हळद लावून झाल्यावर कमलबाईने माझ्या काचेवर हळदीचं एक बोट ओढलं. “इतली मोठी खुर्ची शे, बस ना माय! कितला उभी ऱ्हाशी?” बायका पोट धरून हसल्या.

आता मी मोहिनीच्या सासरी, धुळ्यात आहे. तो पिवळा डाग तिने पुसू दिलेला नाही.

मित्रांनो, जुन्या तसबिरींवर ओलं फडकं फिरवू नका, कागद कुजतो. आणि भिंतीवरून एखादीला उतरवण्याआधी जरा जवळ येऊन तिच्याकडे नीट बघा.